माझ्या खोलीतली बाळंतीण

हॅलो? मॅडम, तुम्हाला पालीची भीती वाटते का?

…हो, मीच. मगाचची, खारीच्या पिल्लाची.

…नाही नाही, उद्धटपणा नाही. वर्गातल्या मुलींनी पैज लावलीय, जीवशास्त्राच्या मॅडमना हे विचारून दाखव म्हणून. तीन आठवडे तुम्ही समोर दिसलात की मी वाटच बदलतेय. पण मगाशी ते खाली पडलेलं पिल्लू उचललं ना… म्हटलं, आता विचारूनच टाकू.

…काय? प्रयोगशाळेत? आणि तुम्ही स्टुलावर चढून… सॉरी मॅडम, हसू आवरत नाहीये. …नाही, स्टुलाचं कुणाला सांगणार नाही. नुसतं 'हो' सांगते.

…हो, सगळं तुम्ही म्हणालात तसंच. रुमालाने उचललं, बुटांच्या खोक्यात ठेवलं, शेजारी कोमट पाण्याची बाटली. खोकं खिडकीत. दूध नाही दिलं. आई वाटी-चमचा घेऊन आली होती, तिला दारातूनच परत पाठवली. वीस मिनिटं झाली, खार त्याला न्यायला येते का ते मी दाराच्या फटीतून बघतेय. …हळूच बोलतेय, आणखी किती हळू?

…घरटं? आतच, पडद्याच्या वरच्या लाकडी पेटीत. फुटक्या काचेतून ये-जा करते. आणि मॅडम, ते कशाचं आहे माहितीय? आईच्या कापसाचं. आई उशा शिवून विकते ना… पंधरा दिवस कापूस कमी पडतोय आणि बोलणी मी खातेय. नेलपॉलिश पुसायला नेतेस म्हणे. आज तिने वर पाहिलं आणि तिला तिचाच कापूस दिसला. मग मला सॉरी म्हणाली. आई, मॅडम. मला.

…थांबा. थांबा हं.

…आली. काचेतून आत आली. शेपटी नुसती थरथरतेय… खोक्याच्या काठावर बसलीय. मॅडम, फोन ठेवू नका.

…धरलं. तोंडात धरलं. अगदी अलगद… पडद्यावरून चढतेय… गेली वर. पेटीत गेली.

…रडत नाहीये. नाक वाहतंय. …अहो, तुम्ही नसता तर मी दूध पाजून त्याचा जीवच घेतला असता. रविवारची तुमची झोप मोडली, एका शब्दाने रागावला नाहीत. नुसतं थँक्यू म्हणून भागत नाहीये.

…काच? ती आजच बसणार. चारला सुतारकाका येताहेत.

…हो की. मग ती बाहेर आणि पिल्लं आत. …किती दिवस उघडी ठेवायची? दीड महिना? मॅडम, ही खोली मला परवा मिळालीय. नऊ वर्षं धाकटीच्या लाथा खात झोपल्यावर.

…नाही, बाबांना तुम्ही नका सांगू. मीच सांगते. बेल वाजली, काकाच असतील. चालू ठेवते फोन, ऐका हं.

आई, बाबा, दोघंही जरा इकडे या. काच आज बसणार नाही. दीड महिना ही खोली खारीची, मी धाकटीजवळ झोपणार. सुतारकाकांना मी सांगते. आणि आई… कापसाची पिशवी उघडीच राहू दे.