तुमचे बी हात धुवून बघा

मी वाटूरकडचा. बापाची मेंढरं व्हती, दुसरीतून शाळा सोडून मी त्यांच्या मागं, अन लगीन झालं त कौसा माझ्या मागं. तिचंच सांगतो, माझं काय सांगू तुम्हाला.

नव्वदच्या आसपास तिचे डोळे पिवळेजर्द झाले. आमच्याकडं कावीळ म्हणलं की दवाखाना न्हाई, उतरवणारा बुवा. तो चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुवायचा, पाणी पिवळं झालं की म्हणायचा, बघ, निघून राह्यली. कौसा तिथंच मला म्हणली, आवं, तुमचे बी हात धुवून बघा, तुमच्यातून काय निघतं. बुवा चिडला, अन मी तिलाच दबकावलं, गप बस म्हणलं. तीन इतवार नेलं, तेल-हळद बंद केली, अन डोळे पांढरे झाले. मंग मीच गावभर सांगत फिरलो, जा बुवाकडं, आमच्या बायकोची बराबर गेली.

गेली नव्हती. आठ-दहा सालांनी पोट फुगलं, पाय सुजले, तवा जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईनं तिचं रक्त काढलं, माझं बी काढलं. म्हणली, बाबा, कावीळचा जंतू दोघांच्या रक्तात हाय. डोळे पांढरे झाले म्हंजी आजार गेला असं नसतं. मी म्हणलं, मंग मी कसा धडधाकट? ती म्हणली, जंतू लिव्हर खात न्हाई. आंगातले शिपाई त्याला मारायला जातात, अन ज्या पेशीत तो बसला ती पेशीच मारतात. तुमचे शिपाई त्याच्याशी भांडत न्हाईत, हिचे सालोसाल लढून राह्यले. मी म्हणलं, म्हंजी ज्वारीत डुक्कर घुसलं, अन त्याला हाणता हाणता आपणच पीक तुडवलं. म्हणली, बिलकुल तसंच. अन आता पीक उरलं न्हाई.

लढणारीच व्हती ती, माझ्याशी बी.

कोणाकडून कोणाला आलं, ते सांगता येत न्हाई, डॉक्टरीण म्हणली. कौसानं खाटंवरून विचारलं, कोणाचं व्हतं वो? मी म्हणलं, माझंच. ती म्हणली, मंग ठीक, बाहेरचं त न्हाई. हसली बी. पंधरा दिवसांत गेली.

पोरीचं रक्त तपासलं, साफ निघालं, तिला अन नातवांना लसीच्या सुया टोचून घेतल्या. मी दर सहा महिन्याला जालन्याला जातो. डॉक्टरीण कागद बघून म्हणते, बाबा, तुमचा जंतू अजून झोपलेलाच हाय, जा घरी. मी येष्टीनं येतो, कुलूप काढतो. खबर चांगली असती, सांगायला माणूस न्हाई.