पयले पंकजचे रंग

हा एलईडीचा डब्बा विकून टाक म्हणून परत कोणी म्हणू नका मले. पयले ऐका.

पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाले मी अन पंकजनं मिळून बनवलता तो. समोर दुधी काच, आत एलईडीच्या पट्ट्या, प्रोग्राम टाकला तसे रंग बदलत. चालू केल्यावर पयले काय लागावं, यावरून आमचं रोज भांडण. मी म्हणो, "साधा पांढरा ठेव." पंकज म्हणे, "पांढरा कायले? ट्यूबलाइट हाय काय?" शेवटी त्यानं आपलंच केलं. बटन दाबलं का पयले सारे रंग पळत सुटायचे, मंग पांढरा निवडा लागे.

परीक्षेच्या आधीच बाभुळगावच्या रस्त्यावर त्याची गाडी ट्रकखाली गेली.

त्याच्या घरी पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हंजे त्याच्या मागचा बौद्ध विधी होता तवा, त्याचा फोटो याच डब्ब्याच्या काचेवर लावला. मी पांढरा उजेड निवडून ठेवलता. बुद्धवंदना सुरू झाली अन लाइट गेली. लाइट गेली का निवडलेला रंग डब्ब्याच्या ध्यानात राहत नसे. लाइट आली, तसे फोटोमागं सारे रंग नाचाले लागले.

पाहुणे एकमेकाकडे पाहू लागले. आमचे सर म्हणाले, "इरफान, बंद कर ते!"

मी बटनाकडे धावलो, तर पंकजच्या मायनं हात धरला. "हे कोणं टाकलं याच्यात?"

"पंकजनं, काकू."

"मंग राहू दे."

थोड्या वेळानं परत लाइट गेली. फोटोपुढच्या मेणबत्त्या तेवढ्या जळत होत्या. काकू माझ्या कानाशी आल्या.

"इरफान, लाइट आली का पयले त्याचंच लागन ना रे?"