यशवंतानं न केलेली सही

हट्ट्याच्या मंडळींनो, बाबा, माय, शांतावहिनी, अन् वसमत, वारंगा फाट्यावरून आलेल्या पाव्हण्यांनो. बोलायला उभा तर राहिलो. सकाळपासून तीनदा म्हणलं, मला बोलायला लावू नका. यशवंताचे बाबा म्हणाले, "तू त्याच्यासंगं पाच वर्षं बसला. तू न्हाई बोलणार तर कोण बोलंल?" म्हणून बोलतो. मधीच थांबलो तर सांभाळून घ्या.

मी माधव, शिरड शहापूरचा. यशवंत खंदारे अन् मी शहरात एकाच सरकारी खोलीत कामाला होतो. कॉम्प्युटरच्या खोलीत. आठ दिवसांखाली यशवंत काविळीनं गेला. बत्तीस वर्षांचा माणूस. समदे म्हणून राहिले, गुणी पोरगं गेलं. व्हय, गुणी होतं. पण मी त्याचे गुण सांगायला उभा न्हाई. मला एक दुसरीच गोष्ट सांगायची हाय, अन् ती सांगायचं मला भ्या वाटून राहिलं.

माय त्याला विचारायची, "त्ये यंत्र तुझ्याशी बोलतं का रं?" तो नुसता हसायचा, म्हणून आज मी सांगतो. माय, यंत्र म्हणजे नुसतं लोखंडाचं धूड. पण त्याच्या आत एक कारभारी असतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात त्याला. कोणतं काम आधी घ्यायचं, भोकं पाडलेल्या जाड कागदाच्या कार्डावरचा आकडा कसा वाचायचा, चूक निघाली तर काय करायचं, हे समदं तो ठरवतो. तो कोणाला दिसत न्हाई. त्याच्या मर्जीबिगर पान हलत न्हाई.

गेल्या साली नवं यंत्र आलं, त्यासंगं नवी सिस्टीम आली. साहेबांनी आमा दोघांना सांगितलं, जुनी अन् नवी ताडून बघा. यशवंतानं वहीत तीन रकाने पाडले. जुळणं, टिकणं, पळणं. जुनी कामं नवीवर जशीच्या तशी चालतात का? मधीच बंद पडते का? अन् वेळ किती घेते?

पळण्यात नवीचा हात कोणी धरावा? जुनी ज्या कामाला अर्धा दिवस लावायची, ते नवी चहा येईस्तोवर उरकायची. जुनी सारखी अडायची, रुसायची. नवी महिनाभर एकदाबी थांबली न्हाई. साहेब खूश, मी खूश. यशवंत तेवढा खूश न्हाई. एक दिवस मला म्हणाला, "माधव, ही थांबतच न्हाई रे. मला ह्याचंच भ्या वाटून राहिलं."

मी त्याची टिंगल केली. म्हणलं, बैल चांगला चालला तरी तुला तकलीफ.

आता नीट ऐका. त्या यंत्रावर काम कोणतं होतं? धरणाच्या वरच्या गावांचा रोजचा पाऊस मोजून येतो. त्या आकड्यांची कार्डं बनतात. यंत्र हिशेब करून सांगतं, नदीला पाणी किती येणार. त्यावर ठरतं, खालच्या गावांना कवा सावध करायचं. खालची गावं कोणती? मंडळी, तुमीच.

एखाद्या गावाचा आकडा आला न्हाई तर कार्डावर ती जागा कोरी राहते. जुनी सिस्टीम तिथंच अडायची. कागदावर छापायची, 'आकडा नाही'. मग आमी फोन लावायचो, तार करायचो, माणूस पाठवायचो. नवी अडत न्हाई. ती कोऱ्या जागेला शून्य धरते अन् पुढं जाते. शून्य म्हणजे तिथं पाऊस पडलाच न्हाई.

मी म्हणलं, "शंभरातलं एखादं कार्ड कोरं, काय बिघडलं?"

त्यानं वही मिटली. म्हणाला, "तू शिरडचा हायेस का मुंबईचा? आकडा काहून येत न्हाई? पाऊस मोजणाऱ्याला ओढा ओलांडून तारेच्या हापिसात येता येत न्हाई म्हणून. अन् ओढा कवा भरतो? ज्या गावाचा आकडा न्हाई ना, तिथंच पाऊस सगळ्यात जास्त असतो, माधव. अन् ही बया नेमकं तिथंच शून्य लिहून राहिली."

मंडळी, हे त्या खोलीत दुसऱ्या कोणालाच सुचलं नसतं. तिथं किती शिकलेली माणसं होती! पण भरल्या ओढ्याच्या अलीकडं अडकून बसलेला माणूस त्यांच्यातल्या किती जणांनी पाहिला होता?

मी तर पाहिला होता. तरी मी काय केलं?

आमच्या खोलीत एक रीत हाय. मोठे साहेब बघायला येणार असले की कोरी, अर्धवट कार्डं आधीच गठ्ठ्यातून काढून ठेवायची. त्यांच्यासमोर काम अडलं तर इज्जत जाते. त्या दिवशी यशवंत दवाखान्यात होता. कार्डं मी काढली. ह्या हातानं काढली. मग दोन्ही सिस्टीमचे कागद शेजारी ठेवले. आकडा न् आकडा जुळला. टाळ्या झाल्या. दोन्ही बराबर, असा दाखला टाइप झाला. खाली दोन सह्या लागत होत्या. एक मी केली.

दुसरी घ्यायला दवाखान्यात गेलो. त्याचे डोळे हळदीवानी पिवळे झाले होते. कागद वाचला. विचारलं, "कोरी कार्डं घातली होती?"

मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"माधव, घातली होती का?"

मी म्हणलं, "न्हाई."

त्यानं पेन उशाशी ठेवला. रागावला न्हाई. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आमची आळी नदीच्या अंगाला हाय. माय माळवं लावते तिथं. ह्याच्यावर मी सही कशी करू?" अन् मला हरकत लिहून घ्यायला लावली. सांगताना धाप लागत होती. शेवटाला स्वतःचं नाव लिहिलं, अन् ते त्याचं शेवटचं लिहिणं.

परवा हापिसातून उत्तर आलं. वाचतो. "हरकत नोंदविणारे कर्मचारी हयात नसल्याने सदर हरकत निकाली काढण्यात येत आहे."

झालं. जुन्या यंत्राच्या तारा काढून झाल्या. येत्या मृगापासून नवी एकटी चालणार. अन् मृगाला किती दिवस उरले, हे तुमाला माझ्यापेक्षा बराबर ठाऊक हाय.

बाबा, मघाशी तुमी माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या पोराचा दोस्त म्हणलं. तवा तुमाला हे ठाऊक नव्हतं. आता हाय. तुमी मला काय म्हणाल ते मी ऐकून घेईन. वहिनी, तुमीबी.

हरकत घेणारा हयात न्हाई म्हणतात. मी हयात हाय. उद्या पहिल्या एसटीनं जातो. माझी सही परत मागतो अन् त्याचीच हरकत माझ्या नावानं देतो. ऐकतील का? मला न्हाई वाटत. म्हणून तुमाला सांगून ठेवतो. यंदा पावसाळ्यात धोका न्हाई असा निरोप आला, तर आणणाऱ्याला आधी विचारा, वरच्या समद्या गावांचे आकडे आले का? त्याला सांगता आलं न्हाई, तर लेकरं उचला अन् माळावर चढा. सामानाकडं बघू नका.

आता समदे उभे राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. अन् उभं राहताना तोंड नदीकडं करा.

यशवंता, जयभीम.