खो पोटातून द्यायचा असतो

नाही, पण मला सांगा, खो-खोला बूट? आणि खाली मॅट, गादीसारखी! आम्ही फलटणला मातीत अनवाणी पळायचो, सूर मारला की कोपराची सालं मैदानालाच ठेवून यायचो... असो. मी काही बोलत नाही.

हे ‘मी काही बोलत नाही’ माझ्या मनाचं नाही हां, ती अट आहे. आमची श्रुती, दहावीत, शाळेच्या टीममध्ये. नेरूळला जिल्ह्याची सेमीफायनल, आणि आदल्या दिवशी ती मला म्हणते, “आई, तू येऊ नकोस.” का गं? तर म्हणे मी बाहेरून ओरडते, आणि तेही जुनं! ‘साखळी धर, साखळी धर!’ आता कोणी साखळी धरत नाही म्हणे. अरे? बसलेल्या मुलींमधून नागमोडी जायचं, मी चार-चार मिनिटं तशी काढलीत! आता मोकळ्या जागेत रिंगण घालतात, हुलकावणी देतात, आणि मागची खांबाला लोंबकळून अशी आडवी उडते की माझाच जीव जातो. दीड मिनिट टिकली तरी टाळ्या! पण मी काही बोलत नाही.

शेवटी अरविंदने, म्हणजे आमच्या ह्यांनी, मध्यस्थी केली. तोंड बंद ठेवीन या बोलीवर नेलं. शेंगदाण्याची पुडी दिली हातात, चावत बस म्हणाले.

बसले की. अगदी शेवटपर्यंत! शेवटचं अर्धं मिनिट, बरोबरी, आमच्या मुली पकडायला. वैशाली एकीला कोंडत आणतेय, श्रुती समोर पाठमोरी बसलेली, आता खो दिला की झालं... आणि ही वैशाली खो देते कशी, तर जेवताना शेजारणीकडे मीठ मागावं तसा. अहो, खो पोटातून द्यायचा असतो! पुडी कुठे गेली देव जाणे, मी उभी राहून ओरडले, “खोऽऽ!”

आणि श्रुती उठली ना.

पाठीवर हात पडायच्या आधीच. शिट्टी, फाउल. पुढची निसटली, वेळ संपली. बरोबरीच राहिली म्हणून जादा डाव झाला, तो एका गुणाने गेला.

घरी आलो. मला वाटलं, संपलं. आता ही मला ग्राउंडवर काय, शाळेच्या गेटपाशीही उभी करायची नाही. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत म्हणाली, “तुझाच खो होता ना. लहानपणापासून त्याच्यावरच उठतेय मी. पायांना कळलंच नाही.”

आमटीच वाढत राहिले मी.

मग चार दिवसांनी म्हणते, “आई, पार्किंगमध्ये चल. तो पोटातून कसा देतात, शिकव.”

मी लगेच! साडी खोचली, दोन स्कूटरच्या मध्ये चवड्यांवर बसले, म्हटलं, ये मागून, लाजू नकोस, दे. आणि तुम्हाला सांगते, असा दिला पोरीने... वरच्या मालतीबाई गॅलरीत, सेक्रेटरी सितारामकाका पेपर टाकून खाली, वॉचमन काठी घेऊन हजर. एका खोवर अख्खी बिल्डिंग उठली हो!

उठले नाही ती फक्त मी. गुडघा.

श्रुतीने एका बाजूने धरलं, सितारामकाकांनी दुसऱ्या. “आई, काही बोलू नकोस,” म्हणाली. आणि पहिल्यांदाच, मी खरंच काही बोलले नाही.