पलीकडचं दार

आबाराव : ...कुणी इश्वास ठेवणार न्हाई पोरी, पण तुझी आजी दुधनेवर धुणं धुवाया बसली, की मांगूर अन् वाम तिच्या पायापाशी येऊन झोपायचे. हात लावला तरी हालायचे न्हाईत.

सिपोरा : का बरं?

आबाराव : बिनखवल्याचा मासा तुम्हा ज्यू लोकांत चालत न्हाई ना. त्यांना ठाऊक होतं. साऱ्या बदनापुरात भरवशाची जागा ती एकच.

अनवरी : झूट बोलून राह्यला. मिल्काबी धुणं माझ्या हौदावर धुवायची. नदीवर गेलीच न्हाई कधी.

आबाराव : तू चहा दे, अनवरी.

अनवरी : आधी हात धू. मातीचे हात घेऊन बसला पाहुणीसमोर.

सिपोरा : आबा, गोष्टी ऐकत बसले असते मी. पण पपांनी जमवलेली माणसं स्टेशनपाशी टिकाव-फावडी घेऊन थांबलीत. सगळ्या परवानग्या मिळाल्यात. आजीची कबर तुमच्या मळ्यात आहे, एवढंच मला ठाऊक आहे. तेवढी दाखवा. तिकडे इस्रायलला, अश्दोदच्या दफनभूमीत पपांनी स्वतःच्या जागेशेजारची जागा घेतलीय तिच्यासाठी.

आबाराव : तुझ्या बापानं, सायमननं, मागं बी नेलीच होती तिला.

सिपोरा : कधी? आजी तर आमच्याकडे कधी आलीच नाही.

आबाराव : सांगितलं न्हाई त्यानं? सांगंल कसा. तुझा आजा रेल्वेत, तो लवकर गेला. हिनं लोकांचे कपडे शिवून लेकरं वाढवली. लेकरं तिकडं इस्रायलला गेली, मंग सायमन हिला न्यायला आला. तिकीट काढलं, वळकटी बांधली, हाताला धरून गाडीत बसवलं. ही म्हणली, हात धुवून येते. अन् पलीकडच्या दारानं रुळावर उतरली. मनमाडपर्यंत तो साऱ्या डब्यांत आईला हुडकत गेला. ही अनवरीच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेली.

सिपोरा : खाला, हेही खोटं ना?

अनवरी : न्हाई बेटा. ये बात सच्ची है. लसूण माझाच होता. साठीच्या वरची बाई, लुगडं खोचून उतरली. मी म्हटलं, मिल्काबी, बेटा रोएगा. तर म्हणती, रडू दे. लहानपणी बी रडून रडूनच झोपायचा.

सिपोरा : पपा अजून रडतात. ती गेली तेव्हा विमानं बंद होती, तोंड बघता आलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी आई दिवे लावते आणि ते उठून बाहेर जातात. त्यांनी आणखी काय करायचं, सांगा ना. इथं तिचं आता कोण आहे? प्रार्थनेला लागतात तेवढे आपले दहा पुरुषही मिळत नाहीत.

आबाराव : कोण हाय, हे अनवरीसमोर इचारती तू?

सिपोरा : तसं नाही हो, खाला.

अनवरी : बोल बेटा, मला राग न्हाई. लहानपणी तू इथं आल्ती तवा तुला गोवर निघाल्ता, आठवतं? मिल्काबीनं तुमच्या पैगंबराला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस केला. पोहे मी भिजवले. नारळ ह्यानं फोडला. ताटात ठेवायला सब्जा ह्याच्याच मळ्यातून आल्ता. दहा पुरुष न्हाई मिळाले तवा बी. तू बरी झालीस ना?

आबाराव : अन् तुमच्या रीतीनं कापणारा मिळंना, तर तिनं जन्मभराचं मटण सोडलं. गाव न्हाई सोडलं.

सिपोरा : म्हणजे कबर दाखवणार नाही तुम्ही.

आबाराव : दाखवली असती. पण ती हाय कुठं?

सिपोरा : आबा.

आबाराव : गेल्या साली पूर आल्ता दुधनेला. पाणी मळ्यात शिरलं. मी बांधावर उभा होतो. पाहतो तर मांगूर अन् वाम झुंडीनं आलेले. उपकार फेडला त्यांनी. तिला अल्लाद पाठीवर घेतलं अन् गेले. पूर्णेत गेली असंल, तिथून गोदावरीत. पुढचं तू नकाशात पहा.

सिपोरा : खाला?

(अनवरी बशीतला चहा फुंकत राहते. चहा कधीचाच निवलेला आहे.)

अनवरी : हां बेटा. आल्ता पूर.

सिपोरा : आणि मासे?

अनवरी : मासे बी. मी पाह्यले.

आबाराव : घे. आता तर ही बी म्हणून राह्यली.

सिपोरा : थांबा, पपांचाच फोन आहे. हॅलो, पपा. हो, आबा आणि खालांपाशीच बसलेय. नाही. ऐका ना. मी आजीला आणत नाहीये. त्या माणसांना घरी जायला सांगा. काही झालं नाही हो, ती परत पलीकडच्या दारानं उतरली. हो. रडा तुम्ही. मी आहे फोनवर. सावकाश. बरं, शुक्रवारी दिवे लागले की उठू नका, बसून राहा. ठेवते.

अनवरी : रडला?

सिपोरा : खूप. मग हसले.

आबाराव : म्हंजी माझ्यावर इश्वास बसला तुझा. इतक्या वर्षांत पहिलीच तू.

सिपोरा : आल्यापासून तुमच्या हाताला सब्जाचा वास येतोय, आबा, आणि नखांत ओली माती आहे. वाहून गेलेल्या कबरीवरच्या सब्जाला सकाळी सकाळी पाणी घालून आलात. खोटं बोलता तुम्ही. चला, मला तिच्यापाशी न्या.