केरसुणीचं वादळ

कैरोच्या स्टेशनवर अलेक्झांड्रियाच्या तिकिटांच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा कोळी, त्याची मुलगी आणि आठेक वर्षांची नात उभी होती.

"बाबा, सोळा नोव्हेंबरला तिथे केरसुणीचं वादळ येतं. तुम्हीच शिकवलंत."

"म्हणून तर सोळा म्हणतोय, इनास."

"लोक वादळ सरल्यावर जातात."

"ते कैरोचे लोक. आपण समुद्राकाठचे."

"आजोबा, केरसुणी का म्हणतात?"

"सगळं आभाळ झाडून काढतं, मलक. लाटा कठड्यावरून थेट रस्त्यावर येतात."

"भिजेल ती. तापानं फणफणेल."

"तूही फणफणली होतीस. ताप उतरल्यावर पहिलं काय विचारलंस? पुढचं वादळ कधी."

"आपण एप्रिलमध्ये जाऊ ना, बाबा."

"एप्रिलपर्यंत माझे डोळे थांबायचे नाहीत. डॉक्टर तुझ्यासमोरच बोलले."

"आजोबा, तिथे तुम्हाला नीट दिसलंच नाही तर?"

"मग तू सांगायचंस. लाट केवढी, ते मी आवाजावरून ओळखेन. रंग तेवढा तू बघ."

खिडकीतल्या माणसानं तारीख विचारली.

"पंधरा नोव्हेंबर," इनास म्हणाली. "तीन तिकिटं. बाबांना खिडकीजवळची जागा द्या."