तळहातावरचा उजेड

काका : सेल नवा घातला, कप्प्यातला गंज घासून काढला, तरी कॅमेऱ्यातला उजेड मोजायचा मीटर ढिम्म! उन्हात गुणी बाळासारखा चालतो. खोलीत उजेड कमी झाला की सुई गायब.

दुरुस्तीवाली : काका, जरा दम धरा. कॅमेरा आत्ताच हातात घेतलाय मी.

काकू : चार दिवस घरात हेच चाललंय. झोपताना सुई, उठताना सुई.

काका : तू थांब गं. परवा नातीचा फोटो काढायचाय. सातव्या महिन्यातच जन्मलीय पोरगी, एवढीशी. बाळाच्या खोलीत एकच मिणमिणता दिवा, आणि फ्लॅशला डॉक्टरांची सक्त मनाई. मीटरशिवाय काय अंदाजपंचे काढू?

दुरुस्तीवाली : मग मोबाईलवर काढा की.

काकू : बोललीस? आता ऐक.

काका : घरातल्या प्रत्येकाचा पहिला फोटो याच कॅमेऱ्यानं काढलाय. लेकीचासुद्धा. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच या."

दुरुस्तीवाली : बरं. काकू, तेवढा वरचा दिवा बंद करा. टेबलावरचा राहू दे. हं... माझा हातातला मीटर सांगतोय, शटर पंधरावर, भिंग दोनवर. आणि तुमचा कॅमेरा... तोही तेच सांगतोय.

काका : शक्यच नाही. आण इकडे. कुठंय सुई? नाहीच.

दुरुस्तीवाली : बरोब्बर मधल्या खुणेवर आहे काका.

काका : तुझं काहीतरी चुकतंय. परत बघ.

दुरुस्तीवाली : तीनदा बघितलं. भिंगापुढे हात धरला की खाली जाते, काढला की वर येते. मीटर ठणठणीत आहे.

काका : मग मला का नाही...



काकू : हल्ली जिन्याची शेवटची पायरी तुम्ही पायानं चाचपता. रोज बघते मी.

काका : तुला माहीत होतं?

काकू : वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय त्याची.

काका : काय सांगू? जन्मभर उजेड मोजून पोट भरलं, आणि आता साधी सुई दिसेना. लाज वाटते गं. लेकीला काय सांगायचं?

दुरुस्तीवाली : लाज कसली त्यात? डोळे तपासून घ्या आधी. पण परवापर्यंत काही डोळे बदलून मिळायचे नाहीत.

काकू : समोरचं बाळ तरी दिसेल ना?

काका : दिसेल की. अंतर टेपनं मोजून लावेन. अडतंय ते सुईपाशीच.

काकू : आपल्या स्टुडिओत गिऱ्हाईक यायच्या आधी खुर्चीत कोण बसायचं?

काका : तू. हात पुढे करून.

काकू : माझ्या तळहातावरचा उजेड मोजायचात, आणि मग...

काका : मग भिंग एक घर जास्त उघडायचो. चेहऱ्यापेक्षा तळहात उजळ असतो.

काकू : आणि जरा हललं की खेकसायचात. आण गं तो कॅमेरा. कुठून बघायचं? इथून? थांब... हं, दिसली. बारीक आहे, पण दिसली.

काका : अगं, तू काय करतेयस?

काकू : बसा त्या खुर्चीत, दिव्याकडे तोंड करून. चाळीस वर्षं मी बसले. आता तुमचा हात पुढे करा, आणि हलवू नका.